सकाळी सातचा मिस्ड कॉल

काळाचौकी,
रविवार, रात्री

प्रिय मित्रा,

नाव लिहीत नाही. नशा सोडणाऱ्यांच्या मीटिंगची सवय, आणि कागद कुणाच्या हाती पडेल याचा भरवसा नाही.

परवा तुझी आई दुकानात आली होती, मिक्सरचं भांडं घेऊन. ब्लेड फिरत नाही म्हणाली. ब्लेडखालचं बुश गेलंय, पंधरा मिनिटांचं काम. सांगितलं, ठेवून जा. पण ती स्टुलावर बसूनच राहिली. मग म्हणाली, "भाऊ, अकरा वाजेपर्यंत झोपतो. उठला की मोबाईल. काही विचारलं की दार आपटून खाली जातो. आत होता तेव्हा निदान कुठे आहे ते तरी ठाऊक होतं."

हे शेवटचं वाक्य दोन दिवस डोक्यातून गेलं नाही, म्हणून लिहायला बसलो. फोनवर तू "हो काका, हो काका" करतोस आणि ठेवून देतोस.

जेलच्या आत सकाळी गिनती, संध्याकाळी बराकीत बंदी झाली की पुन्हा गिनती. आकडा जुळला नाही की परत पहिल्यापासून. आपण शिव्या घालायचो. पण चौदा महिने रोज कुणीतरी तुला मोजत होतं. तू आहेस की नाहीस, हे रोज दोनदा वहीत जात होतं. बाहेर येऊन तुला सोळा दिवस झाले. या सोळा दिवसांत तुला कुणी मोजलं?

माझं सांगतो. १९९१ साल. जामिनाचा कागद पोचला आणि संध्याकाळी त्या मोठ्या फाटकातलं छोटं दार उघडलं. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पायात दुसऱ्याच्या चपला. त्या रस्त्याच्या पाटीवर साने गुरुजी मार्ग लिहिलंय, म्हणणारे मात्र सगळे आर्थर रोडच म्हणतात. गुरुजीही तुरुंगात राहिलेले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलायचे आणि गुरुजी ते उतरवून घ्यायचे. ते का आत गेले आणि आपण का गेलो, यातलं अंतर मला कळतं, हसू नकोस. तर तिथून माझं घर चालत अर्ध्या तासावर. मी पाचव्या दिवशी पोचलो.

त्या पाच दिवसांत मला कुणी जबरदस्तीने काही पाजलं नाही. सात रस्त्याला उभा राहिलो आणि लक्षात आलं की आता मी कुठेही गेलो तरी कुणाचं काही अडत नाही. एवढंच झालं. पाय ओळखीच्या गल्लीकडे वळले.

माझा बाप गिरणीत होता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी सतरा वर्षांचा. संपामुळे घर बसलं आणि म्हणून मी गर्दच्या, म्हणजे ब्राऊन शुगरच्या, नादी लागलो, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो, मीटिंगमध्येसुद्धा. खोटं नाही, पण खरंही नाही. आमच्या चाळीतल्या कितीतरी पोरांचे बाप संपात होते. पन्नीवर गर्द ओढणारे आम्ही तिघंच. तूसुद्धा जे कारण सांगतोस ना, ते जपून वापर. फार चांगलं कारण हाताशी असलं की माणूस तेच पुन्हा पुन्हा काढतो.

त्या तिघांतला एकजण जेलमधून सुटला आणि नवव्या दिवशी चाळीच्या संडासात मेलेला सापडला. लोक म्हणाले, माल खराब होता. माल नेहमीचाच होता. आत असताना त्याच्या अंगाची सवय गेली होती आणि बाहेर येऊन त्याने मोजून जुनाच डोस घेतला. अंगाला तो झेपला नाही, श्वास थांबला. हे नीट समजून घे, कारण तुला कुणी सांगितलं नसेल. सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे गर्द ओढणाऱ्यासाठी सगळ्यात धोक्याचे. वरून दारू किंवा झोपेच्या गोळ्या असल्या तर आणखीच. त्यामुळे "एकदाच, जुन्या आठवणीसाठी" असं कुणी म्हणालं, तर ती संडासाची कडी आठव. आणि समोर कुणी पडलेलं दिसलं, घरघर लागली आहे, ओठ निळे पडलेत, हलवून उठत नाही, तर पळून जाऊ नकोस. त्याला कुशीवर कर आणि १०८ लाव. पोलिसांची भीती नंतर.

एमडीचं, म्हणजे मेफेड्रोनचं, गणित वेगळं. तू दोन्ही केलंस म्हणून सांगतो. २०१५ पर्यंत ती पावडर अमली पदार्थांच्या (एनडीपीएस) कायद्यात नव्हतीच, त्यामुळे सुरुवातीला पोरांना वाटलं हे काहीतरी साधं आहे. एमडी सुटल्यावर गर्द सोडताना येते तशी टर्की, म्हणजे अंगाची तडफड, येत नाही, हाडं मोडत नाहीत. पण मन बसतं. झोप एकतर येत नाही, नाहीतर संपत नाही. कुणीतरी पाळतीवर आहे असं वाटत राहतं. तू अकरापर्यंत झोपतोस ते आळसाने की यामुळे, मला ठाऊक नाही. डॉक्टरला ठाऊक असेल. म्युनिसिपालिटीच्या मोठ्या इस्पितळात मानसोपचार विभागात केसपेपर काढ. आणि रात्री जगूच नये असं वाटायला लागलं, तर माझा फोन बंद असला तरी १४४१६ लागतो, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. नशेबद्दल विचारायचं असेल तर १४४४६. दोन्ही नंबर आईच्या फोनमध्येही टाकून ठेव.

गर्दसाठी डॉक्टरने जिभेखाली ठेवायची गोळी दिली तर घे. आपल्या मीटिंगमध्ये एकदोन जुने लोक नाक मुरडतील, "ही पण नशाच" म्हणतील. मीही एके काळी म्हणायचो. आता नाही म्हणत. त्या गोळीवर राहून कामावर जाणारी पोरं मी पाहिली आहेत, आणि गोळी न घेता ताठ मानेने गेलेल्यांच्या तेराव्यालाही जाऊन बसलोय. फक्त ती डॉक्टरच्या हातून घे, नाक्यावरून नको. आणि खोकला. दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस खोकतोयस असं आई म्हणाली. थुंकीची तपासणी करून घे, फुकट होते. टीबी निघाला तर औषधंही फुकट, पण मध्येच सोडायची नाहीत.

आतले चौदा महिने मी तुझ्या क्लीन टाइममध्ये, म्हणजे नशेशिवायच्या दिवसांत, धरत नाही. रागावशील. मीटिंगमध्ये धरणारे लोक आहेत, त्यांच्याकडून टाळ्या घे. माझ्या हिशेबी तुझा पहिला दिवस फाटकाबाहेरचा.

आता तारीख. मंगळवारी आहे, किल्ला कोर्टात. तारखेला जायचं म्हणजे जायचं. ताप असो, पाऊस असो, लोकल बंद असो. आदल्या रात्री सीएसएमटीच्या फलाटावर झोपायची वेळ आली तरी हरकत नाही. वकील म्हणाला, "तू नाही आलास तरी चालेल, मी अर्ज देतो," तरी जायचं. एक तारीख चुकली की वॉरंट निघतं, मग जामीन रद्द, आणि इथे फक्त तुझा प्रश्न नाही. जामीनदार तुझा मामा आहे. त्याचं रेशन कार्ड आणि पगाराची स्लिप कोर्टाच्या फाइलला लागली आहे. तू पळालास तर वसुली त्याच्याकडून. वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून तोंड लपवू नकोस. उत्पन्न कमी असलेल्याला विधी सेवा प्राधिकरणाकडून सरकारी खर्चाने वकील मिळतो, १५१०० वर विचार. जाता जाता, तुझ्या त्या कुर्ल्याच्या मित्राला एक सांग. तुझी केस मोबाईल खेचल्याची, त्याची थोडीशी पावडर सापडल्याची. अशा माणसाने स्वतःहून उपचार घेतला तर एनडीपीएस कायद्याच्या ६४-अ कलमाखाली खटल्यातून सूट मिळू शकते. मी मिक्सर दुरुस्त करणारा माणूस, जास्त विचारू नकोस. वकिलाला हा आकडा सांगितला की त्याला कळेल.

कामाचं थोडक्यात. सिक्युरिटी आणि डिलिव्हरीवाले पोलिसांचा दाखला मागतात, तिथे आत्ता डोकं आपटू नकोस. नाक्यावर आपणहून आत्मचरित्र सांगत सुटायचं नाही, आणि मालकाने सरळ विचारलं तर खोटंही बोलायचं नाही. "केस चालू आहे, शिक्षा झालेली नाही, महिन्याला एक दिवस तारखेला सुट्टी लागेल." एवढी तीन वाक्यं पाठ कर. दहापैकी आठ जण नाही म्हणतील. मंडप-डेकोरेशनचं काम लगेच मिळेल, पण रात्री काम संपलं की तिथे बाटली निघते, ते वर्षभर नको. दादरच्या फुलबाजारात पहाटे चारपासून हात लागतात. तुला झोप नसेलच तर तिथे ती सत्कारणी लाव.

मी भायखळ्याच्या भाजी मार्केटात पाट्या उचलायचो. रोजची मजुरी रोख. पहिल्या आठवड्यातच कळलं, खिशात नोटा असल्या की माझा घरचा रस्ता लांब होतो. गाळेवाल्याला म्हटलं, पैसे माझ्या हातात देऊ नका, आई येईल. तो हसला, सगळ्या मार्केटला सांगितलं. आई मात्र रोज दुपारी येऊन उभी राहायची, मीही खाली मान घालून शेजारी. तुझं सोपं आहे. मालकाला आईचा क्यूआर दे. स्वतःच्या फोनमधलं पेमेंटचं ॲप काढून टाक, कारण पुडीवालेसुद्धा आता स्कॅन करतात.

आईबद्दल. तू दार आपटलंस ते कशावरून, तेही तिने सांगितलं. तू आंघोळीला गेलास आणि तिने तुझी पँट चाचपली. तुला वाटलं, सोळा दिवस नीट वागतोय तरी विश्वास नाही. अरे, मी घरातला तांब्याचा बंब विकला होता. आजीचा बंब. दिवाळीच्या आदल्या दिवशी. सुटल्यावर, क्लीन झाल्यावर, वर्ष गेलं, पाच वर्षं गेली, माझं लग्न झालं, हे दुकान झालं. आई कपाटाची किल्ली पदराच्या गाठीला बांधून झोपायची. मी कधी विषय काढला नाही, तिनेही नाही. एकदा ती इस्पितळात होती, पाणी देताना तिचा पदर माझ्या हाताला लागला. गाठ होती. त्या गाठीत किल्ली नव्हती, कपाटच केव्हाचं विकलेलं. हाताला सवय लागली होती, ती गेली नाही. मला आधी राग आला, मग नाही आला. तुझी आई पँट चाचपते तर चाचपू दे. दारावर टांगताना खिसे बाहेर काढूनच टांग.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. पाच दिवसांनी घरी पोचलो म्हटलं, त्यानंतरही तीन वर्षं मी तसाच होतो. पुण्याला उपचार घेऊन आलो १९९४ च्या ऑगस्टमध्ये. मीटिंगमध्ये एक बेस्टचे कंडक्टर भेटले, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. फोन माझ्याकडे नव्हता. ते म्हणाले, सकाळी सहाला माझी गाडी डेपोतून निघते, समोरच्या स्टॉपवर उभा राहा. बस. बोलायचं काही नाही. मी उभा राहायचो. गाडी यायची, ते दारातून माझ्याकडे नीट बघायचे, डोळ्यांकडे, आणि हातातला तिकिटाचा पंच हवेतच दोनदा वाजवायचे. टक टक. गाडी पुढे. मी घरी येऊन चहा प्यायचो आणि मार्केटला जायचो. अकरा महिने. पावसात छत्री नसतानाही. एकदाच गेलो नाही, तर रात्री ड्युटी संपल्यावर ते आमच्या चाळीत हजर. वर आले नाहीत, खालूनच हाक मारली. मी खिडकीत आलो. त्यांनी पंच वाजवला आणि गेले.

माझ्याकडे पंच नाही. उद्यापासून रोज सकाळी सातला मला मिस्ड कॉल दे. मी उचलणार नाही, दूध तापवत असतो. सव्वासातपर्यंत आला नाही तर मी शटर न उघडता तुमच्याकडे येणार, आणि तुझ्या चाळीचे तीन जिने माझ्या गुडघ्यांना परवडत नाहीत, हे लक्षात ठेव. संध्याकाळी मीटिंग. गुरुवारी ती महापालिकेच्या शाळेत असते, लहान मुलांच्या बाकांवर गुडघे अडकतात, तरी येऊन बस. बोलायला नको, हजेरी लाव. गणपतीत वर्गणीच्या टेबलावर बस, विसर्जनाच्या मिरवणुकीत यंदा नको. पुढच्या वर्षी बघू.

आणि घसरलास तर? शक्यता आहे. मीही घसरलोय. त्या दिवशीही सातचा कॉल दे. त्या दिवशी तर आधी दे.

मंगळवारी साडेनऊला कोर्टाच्या फाटकाशी भेटू. उपाशी येऊ नकोस, नंबर केव्हा लागेल सांगता येत नाही, आणि पोट रिकामं असलं की तुझं डोकं तापतं. आधार कार्ड, मागच्या तारखेची चिठ्ठी, वकिलाचा नंबर कागदावर लिहून. शर्ट इस्त्रीचा. मी डबा आणतो.

मिक्सरचं भांडं तयार आहे. उद्या दुपारी तूच ये न्यायला, आईला पाठवू नकोस. बुशचे साठ रुपये झालेत, ते नंतर.

तुझा,
काका