कार्ड लावलं तरी दार उघडत नाही?

प्रश्न : आमच्या सोसायटीत मेन गेट आणि लिफ्ट लॉबीला कार्ड लावून उघडणारी दारं आहेत. कार्डं संपली म्हणून कमिटीने ऑनलाइन स्वस्तातली मागवली, तर त्यातलं एकही लागत नाही, साधी बीपही येत नाही. मग इथल्या दुकानातून थोडी आणली, ती बीप करतात पण दार ढिम्म. आता व्हेंडर म्हणतोय सगळे रीडर बदला. खरंच बदलायचे का?
– सेक्रेटरी, हडपसर

उत्तर : इतक्यात नको. तुमचे दोन वेगळे प्रॉब्लेम आहेत आणि रीडर बहुतेक दोन्हीत निर्दोष आहे.

आधी ऑनलाइनवाली कार्डं. दिसायला सगळी सारखीच पांढरी, पण आत दोन जाती असतात, एक १२५ किलोहर्ट्झवर चालते आणि दुसरी १३.५६ मेगाहर्ट्झवर. कार्डात बॅटरी नसते, रीडरच्या फील्डमधूनच त्याला वीज मिळते, त्यामुळे फ्रिक्वेन्सी जुळली नाही तर चिप जागीच होत नाही, मग बीप कुठून येणार. घरबसल्या चेक करायचं तर एनएफसीवाला (टच करून पेमेंट होतं तसला) फोन घ्या, एनएफसी ऑन करून स्क्रीन अनलॉक ठेवा आणि जुनं कार्ड पाठीला लावा, मग नवीन लावा. फोनला फक्त १३.५६ कळतं. जुन्यावर फोन गप्प आणि नव्यावर आवाज, म्हणजे तुमचे रीडर १२५ चे आणि कार्डं चुकीची आली, ती परत करा.

आता दुकानातली. बीप आली म्हणजे रीडरने कार्ड वाचलं, पुढचं काम कंट्रोलरचं, म्हणजे दार उघडायचं की नाही ते ठरवणाऱ्या डब्याचं, त्याच्या यादीत तो नंबर नसेल तर दार उघडणारच नाही. इथे खरी गंमत नंबरात होते. अशा कार्डावर बऱ्याचदा दोन नंबर छापलेले असतात, समजा ०००७६५४३२१ आणि शेजारी ११६,५२१४५. हे दोन नाहीत, एकच आहे: ११६ ला ६५५३६ ने गुणा आणि ५२१४५ मिळवा, येतं ७६५४३२१. रीडर आणि कंट्रोलरमध्ये वायगंड २६ (नंबर पाठवायची २६ बिटांची ठरलेली पद्धत) असेल तर त्या २६ बिटांत २ पॅरिटीचे (चूक पकडायचे), ८ फॅसिलिटी कोडचे (जागेच्या नंबरचे) आणि १६ कार्ड नंबरचे असतात, म्हणून काही सॉफ्टवेअरला ११६ आणि ५२१४५ वेगवेगळे लागतात, काहींना सलग आकडा, आणि ऑपरेटरने भलत्याच खान्यात टाईप केलं की झालं. त्यापेक्षा टाईप करूच नका, सॉफ्टवेअरमधला कार्ड ॲड करायचा मोड चालू करा, कार्ड रीडरला लावा, नंबर आपोआप येऊ दे.

व्हेंडर अगदीच चूक नाही बरं का, पण कारण वेगळं आहे. १२५ वाल्या साध्या कार्डात नुसता नंबर असतो, गुपित काहीच नाही, स्वस्तातल्या कॉपी मशीनवर डुप्लिकेट निघतं. मायफेअर क्लासिक या १३.५६ वाल्या जुन्या कार्डावर उडी मारूनही फार फायदा नाही, त्याचं क्रिप्टो-१ हे कुलूप २००८ मध्येच संशोधकांनी फोडलंय. पैसे घालायचेच असतील तर डेसफायर हे जास्त सुरक्षित कार्ड घ्या, आणि रीडर कार्डातली गुप्त किल्ली तपासतो की नुसता यूआयडी, म्हणजे कार्डाचा उघडा नंबर, वाचतो हे व्हेंडरकडून लिहून घ्या, नुसता यूआयडी वाचणार असेल तर महागडं कार्ड घेऊन उपयोग शून्य.

प्रश्न : एसीआर१२२यू हा यूएसबी कार्ड रीडर उबंटूला लावला, यूएसबीच्या यादीत दिसतो पण पीसीएससी-स्कॅन या कार्ड रीडर दाखवणाऱ्या कमांडमध्ये नाही. विंडोजवर मस्त चालतो.
– विद्यार्थी, नाशिक

उत्तर : लिनक्स कर्नलचं पीएन५३३ मॉड्यूल (ड्रायव्हर) आधीच रीडर पकडून बसतं आणि पीसीएससीडी या कार्ड रीडर सांभाळणाऱ्या सर्व्हिसला मिळू देत नाही. मॉडप्रोबच्या ब्लॅकलिस्टमध्ये (आपोआप लोड करू नयेत अशा मॉड्यूलच्या यादीत) पीएन५३३_यूएसबी, पीएन५३३ आणि एनएफसी ही तिन्ही नावं टाका, रीबूट करा, पीसीएससीडी आणि लिबसीसीआयडी (त्याला लागणारा रीडरचा ड्रायव्हर) इन्स्टॉल आहेत ना तेही बघा. आणि हो, हा रीडर फक्त टच करायच्या कार्डांसाठी आहे, नुसतीच सोनेरी चिप असलेलं कार्ड त्यावर कितीही घासलं तरी वाचलं जाणार नाही, त्याला कार्ड आत खोचायचा रीडर वेगळा घ्यावा लागेल.