लष्करात अधिकारी राहून कसोटी क्रिकेट खेळलेलं कोणी आहे का?

तुमचा भाचा संभाजीनगरच्या एसपीआयमध्ये, म्हणजे सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेत, एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची) तयारी करतोय आणि बॅट काही सोडवत नाही म्हणता, तर त्याला लेफ्टनंट कर्नल हेमू अधिकारी यांच्याबद्दल जरूर सांगा.

जन्म पुण्याचा, 1919 चा. 21 कसोटी, 872 धावा. आकडे साधे वाटतील, पण 1952 ची दिल्लीची कसोटी बघा. पाकिस्तानविरुद्ध नऊ गडी गेलेले, साथीला शेवटचा गडी हैदराबादचे गुलाम अहमद. दोघांनी 109 धावा जोडल्या, अधिकारी नाबाद 81! आमचे आजोबा परभणीचे, निजामाच्या राज्यात वाढलेले. ही भागीदारी सांगताना ते हातातली काठी बॅटसारखी धरायचे.

1959 ला वेस्ट इंडीजविरुद्धच्या मालिकेत तीन कर्णधार होऊन गेल्यावर शेवटच्या कसोटीला यांना कर्णधार म्हणून बोलावलं. वय 39. 63 आणि 40 धावा, वर तीन बळी, सामना अनिर्णित. त्याआधी सेनादलाचा संघ त्यांनी रणजीच्या अंतिम सामन्यापर्यंत नेला होता, ते मला जास्त मोठं वाटतं. 1971 ला इंग्लंडमध्ये आपण पहिल्यांदा मालिका जिंकली, तेव्हा संघाचे व्यवस्थापक हेच.

भाच्याला म्हणावं, बॅट ठेव, फक्त पहाटेचं पळणं चुकवू नको.