‘तुका कॅन्सर होतलो’ म्हणते आई

प्रश्न: डॉक्टरताई नमस्कार, मी वेंगुर्ल्याजवळच्या एका गावातून लिहितेय. वय 36, ट्रान्स वुमन आहे, ब्लाऊज शिवते. 24 व्या वर्षी मुंबईत असताना मैत्रिणी घ्यायच्या म्हणून माला-डी सुरू केली, रोज 4 गोळ्या, अशी चार वर्षं. नंतर एका डॉक्टरांनी ती बंद करून एस्ट्राडायोल व्हॅलरेट 4 मिग्रॅ (बायकांचं हॉर्मोन) आणि सायप्रोटेरोन 50 मिग्रॅ (पुरुषी हॉर्मोन टेस्टोस्टेरॉन दाबणारी) दिली. लॉकडाऊनमध्ये गावी आले ती इकडचीच झाले, आणि तेव्हापासून तीच जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून आणते, टेस्ट एकही नाही केलेली. आता आई रोज मागे लागलीय, ‘‘तुका कॅन्सर होतलो, बंद कर त्यो गोळयो.’’ कोणी म्हणतं चाळिशीनंतर बंदच करायच्या असतात. खरं काय?

उत्तर: पहिलं म्हणजे हे वाचून आज रात्रीच गोळ्या गटारात टाकू नका. ऑपरेशन झालंय की नाही ते तुम्ही लिहिलंच नाहीत आणि अर्धं उत्तर तिथेच अडलंय. वृषण काढलेले नसतील तर गोळ्या थांबवल्यावर टेस्टोस्टेरॉन परत वर येणार. काढलेले असतील तर शरीरात ना हे हॉर्मोन ना ते, आणि मग हाडं ठिसूळ व्हायला लागतात. निर्वाण (ते काढायचं ऑपरेशन) झालं की आता औषध कशाला, असं म्हणून वर्षानुवर्षं काहीच न घेणाऱ्या कितीतरी जणी आहेत, पन्नाशीत साधं घसरून खुबा मोडतो तेव्हा कळतं.

आता आई म्हणते तो कॅन्सर. अॅमस्टरडॅमच्या डॉक्टरांकडे यातली फार जुनी नोंद आहे, 1972 पासूनची. त्यांनी 2019 मध्ये 2260 ट्रान्स स्त्रियांचा हिशेब मांडला, त्यात स्तनांचा पसरणारा कॅन्सर झालेल्या 15 निघाल्या, त्याही सरासरी 18 वर्षं हॉर्मोन घेतलेल्या. पुरुषांपेक्षा हे बरंच जास्त, पण इतर बायकांच्या साधारण एक तृतीयांश. म्हणजे आईला स्वतःला जेवढी भीती आहे त्यापेक्षा तुम्हाला कमीच, हे तिला सांगा (कशा शब्दात सांगायचं ते तुम्हीच बघा). महिन्याला हाताने तपासत जा, गाठ लागली तर लगेच दाखवा, पन्नाशीकडे मॅमोग्राफी.

मला काळजी दुसऱ्याच दोन गोष्टींची आहे.

एक तुमची ती माला-डी. तिच्यात एथिनिल एस्ट्राडायोल असतं, तुमच्या आताच्या एस्ट्राडायोलपेक्षा वेगळं, एका गोळीत 30 मायक्रोग्रॅम, 4 गोळ्या म्हणजे रोज 120. अॅमस्टरडॅमला पूर्वी ट्रान्स स्त्रियांना हेच औषध रोज 100 द्यायचे, आणि पायात नि फुफ्फुसात रक्ताच्या गुठळ्या इतक्या दिसायला लागल्या की सोडूनच दिलं. 2011 च्या त्यांच्या अभ्यासात हे औषध चालू असणाऱ्यांत हृदयाच्या आजाराने मरण्याचं प्रमाण तिप्पट निघालं, पण पूर्वी घेऊन सोडलेल्यांत तसं दिसलं नाही. तुम्ही सोडून आठ वर्षं झाली, तेव्हा ते मनातून काढून टाका. ज्या मैत्रिणी अजून खातायत त्यांना मात्र हे वाचून दाखवा. कुटुंब नियोजनाची गोळी आहे ती, तीही दिवसाला एक, आणि पाकिटातल्या शेवटच्या 7 तर नुसत्या लोहाच्या.

दुसरी गोष्ट सायप्रोटेरोन. आठ वर्षं रोज 50 मिग्रॅ म्हणजे 146 ग्रॅम झालं. या औषधाने मेंदूच्या आवरणावर मेनिन्जिओमा नावाची गाठ होऊ शकते, बहुतेकदा कॅन्सर नसलेली, पण जागा अशी की त्रास देतेच. फ्रान्समध्ये औषध घेणाऱ्या बायकांवर मोठा अभ्यास झाला, 2021 मध्ये छापून आला, त्यात एकूण 60 ग्रॅमच्या वर गेलेल्यांत हा धोका 20 पटीहून जास्त होता. पट ऐकून घाबरू नका, मुळात ही गाठ लाखात चार-पाच जणींना वर्षाला होणारी. पण 50 ची तुम्हाला गरजच नाही, 10 मिग्रॅवरही टेस्टोस्टेरॉन तेवढंच खाली राहतं, ट्रान्स आरोग्याच्या 2022 च्या जागतिक मार्गदर्शिकेत तोच डोस आहे. आणि ऑपरेशन झालं असेल तर ही गोळी पूर्णच अनावश्यक, उगाच पैसे घालताय. फक्त इतकी वर्षं घेतलेली गोळी झटक्यात नको, डॉक्टर कमी करत आणतील. डोकं सारखं दुखणं, नजर अंधुक होणं, वास जाणं, फिट, यातलं काही असेल तर एमआरआयला अजिबात उशीर नको.

काही डॉक्टर तिच्या जागी स्पायरोनोलॅक्टोन देतात, त्याने रक्तात पोटॅशियम वाढतं. तुमच्याकडे परड्यातच माड, शहाळं म्हणजे पोटॅशियमचा तांब्या, तेव्हा त्या गोळीवर असाल तर रोज दोन-दोन शहाळी नकोत. हे कोल्हापुरातल्या डॉक्टरांना सुचेलच असं नाही म्हणून मी सांगून ठेवते.

एस्ट्राडायोल चालू ठेवायला हरकत दिसत नाही, चाळिशीला बंद करायचा असा नियम नाही. गुठळीचा धोका याच्यातही थोडा असतो, आणि वर्षं गेली म्हणून तो संपत नाही. म्हणून वय वाढलं की डॉक्टर कातडीवाटे द्यायला बघतात, कारण ते लिव्हरमधून न जाता रक्तात उतरतं. पॅच कोकणातल्या मे महिन्यात घामाने सुटून येणार, त्यापेक्षा जेल बरं. तुमची मशीन मोटरवाली असेल तर तासन् तास पाय हलत नाहीत, तासाला उठून अंगणात फेरी मारा. मुंबईला रात्रभर गाडीत बसता तेव्हाही तेच. एकच पोटरी सुजली, दुखली, किंवा अचानक दम लागला तर घरात तेल चोळत बसायचं नाही, थेट हॉस्पिटल. सिगरेट आणि मिश्री दोन्ही बंद, मिश्री म्हणजे तंबाखूच आहे, दात घासायची पावडर नाही.

टेस्ट या: एस्ट्राडायोल, टेस्टोस्टेरॉन, लिव्हर, साखर, कोलेस्टेरॉल, प्रोलॅक्टिन, व्हिटॅमिन डी. कुडाळ-सावंतवाडीला सॅम्पल देता येईल. रिपोर्ट घेऊन एन्डोक्रायनॉलॉजिस्टला (हॉर्मोनच्या डॉक्टरांना) दाखवा, तुम्हाला गोव्यातलं बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल जवळ. एस्ट्राडायोल मिलिलिटरला 100 ते 200 पिकोग्रॅमच्या आत आणि टेस्टोस्टेरॉन डेसिलिटरला 50 नॅनोग्रॅमच्या खाली असलं की बास, जास्त घेतलं म्हणून जास्त बाई होत नाही. नंतर वर्षातून एक-दोनदा टेस्ट. आणि ती जुनी चिठ्ठी फाडून टाका एकदाची.

प्रश्न: मी 19 वर्षांची, गुहागर. मलाही हॉर्मोनच्या गोळ्या सुरू करायच्या आहेत, घरी माहीत नाही. आधी काय करू?

उत्तर: बाळा, रक्त तपासून घे आणि घरात कोणाला पायात किंवा फुफ्फुसात गुठळी झाली होती का ते आडून आडून विचार. पुढे कधी स्वतःचं मूल हवंसं वाटेल का याचा विचार आत्ताच कर, वीर्य गोठवून ठेवायचं तर ते पहिल्या गोळीच्या आधी, नंतर भरवसा नाही. आणि वरच्या ताईचं पत्र परत वाच, तिची सुरुवात कुठून झाली होती ते.