ताग, अंबाडी आणि गांजा: तुमचे प्रश्न, वकिलाची उत्तरं

मागच्या अंकात बांधावरच्या झाडांच्या भांडणांबद्दल लिहिलं होतं. त्यात उसाच्या फडात सापडणाऱ्या गांजाचा उल्लेख जेमतेम दोन ओळींचा होता आणि पत्रं आली ती सगळी त्या दोन ओळींवरच. नारळाच्या झावळ्या शेजाऱ्याच्या कौलावर पडतात त्याचं कुणाला काही पडलेलं नाही. बरं. काही पत्रं थोडी छाटलीयत, नावं काढलीयत, फक्त तालुका ठेवलाय.

खोडवा गेला की आम्ही दरवर्षी ताग पेरतो. यंदा पोरानं मोबाईलवरनं बी मागवलं, पिशवीवर इंग्रजीत 'सन हेम्प' छापलंय. शेजारचा म्हणतोय हेम्प म्हणजे गांजा, पोलीस उचलून नेतील. पोतं तसंच ठेवलंय, पेरू का नको? (हातकणंगले)

पेरा हो काका, पाऊस झालाय तर थांबू नका. ही सगळी गडबड नावाची आहे. साहेबाच्या काळात ज्या झाडापासनं दोर निघतो त्याला सरसकट हेम्प म्हणून टाकलं, मग आपला ताग झाला सन हेम्प, आपली अंबाडी झाली डेक्कन हेम्प, घायपात झाला सिसल हेम्प, आणि फिलिपिन्समधल्या केळीच्या भावकीतल्या एका झाडाला मनिला हेम्प. यातल्या एकाचाही गांजाशी काडीचा संबंध नाही. ताग शेंगवर्गातला, पिवळं फूल येतं, मुळावर गाठी येतात आणि हवेतला नत्र जमिनीत बसवतो, म्हणून तर आपण तो फुलोऱ्यावर आला की दीड महिन्यात गाडतो.

खरा घोटाळा होतो तो अंबाडीचा. दोराची जी अंबाडी असते तिचं शास्त्रीय नावच हिबिस्कस कॅनाबिनस, म्हणजे गांजासारखी दिसणारी जास्वंद! लांबनं पान बघितलं तर कुणीही फसेल. पण अंबाडीचं पान कितीही चिरलेलं असलं तरी ते एकच पान असतं, देठाकडं जोडलेलं. गांजाच्या पानात पाच, सात, नऊ अशा करवतीच्या दातऱ्याच्या पाती एकाच बिंदूतनं सुट्या सुटलेल्या असतात. अंबाडीला भेंडीसारखं मोठं फूल येतं, मधी गडद लाल डोळा, खोडाला बारीक काटे. गांजाला असलं फूल येत नाही, शेंड्याला चिकट हिरवे तुरे येतात आणि वास असा की वारं फिरलं तर वाटेवरनं कळतं. शेजाऱ्याला हे दाखवा, आणि पिशवीवर क्रोटालेरिया जुन्सिया असं लिहिलंय का तेवढं बघा, असलं तर तो तागच.

परसात उकिरड्याजवळ एक झाड आपोआप आलं. सासूबाई शोभेचं म्हणून पाणी घालतात. कॉलेजातला पुतण्या आला आणि हसायलाच लागला, म्हणतो काकू हा गांजा आहे. आता काय करायचं? (करवीर)

ताई, आधी सासूबाईंना पाणी घालणं थांबवायला सांगा, हसण्यावारी नेऊ नका.

१९८५ चा एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा आहे, त्याच्या कलम ८ मध्ये गांजाचं झाड लावायलाच बंदी आहे आणि कलम २० मध्ये लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. इतकी झाडं असली तर चालतील असा आकडा कायद्यात कुठंच नाही, एकर असो की कुंडी. आता आपोआप उगवलेलं झाड म्हणजे 'लागवड' होत नाही हे कोर्टात सांगता येतं आणि मी सांगेनही, पण हा कायदा उलट्या बाजूनं चालतो, आरोपीला माहीत होतं असं कोर्ट आधी धरून चालतं (कलम ३५) आणि माहीत नव्हतं हे तुम्ही पटवून द्यायचं. रोज सकाळी तांब्याभर पाणी घालणारी बाई हे कशी पटवणार?

गुपचूप उपटून चुलीत घालायचा सल्ला गावात दहा जण देतील. मी देणार नाही. उपटून हातात धरलं की ते तुमच्या ताब्यात आलं, आणि कुणी फोटो काढून ठेवला असेल तर पुरावा नष्ट केल्याची बोंब वेगळीच. पोलीस पाटलांना बोलवा, दोन ओळींचा अर्ज लिहा की परसात असं झाड उगवलंय, आम्ही लावलेलं नाही, पंचनामा करून न्यावं, आणि त्याची एक पोच ठाण्याचा शिक्का घेऊन ठेवा. कलम ४६ मध्ये जमीनधारकानं अशी खबर लगेच द्यायची असंच लिहिलंय, जाणूनबुजून नाही दिली तर तोही गुन्हा. आणि कलम ४७ प्रमाणं सरपंच, पंच, गावकामगार यांच्यावरही तीच जबाबदारी आहे, त्यामुळं सरपंच 'आम्हाला यात पाडू नका' म्हणाले तर त्यांना हे कलम वाचून दाखवा.

मी नोकरीला पुण्यात. गावाकडची दीड एकर वाट्यानं दिलीय, वर्षातनं दोनदा जातो. परवा आमच्याच शिवारात एकाच्या उसात गांजा सापडला. माझ्या रानात वाटेकऱ्यानं काही केलं तर सातबारा माझ्या नावावर आहे, मी अडकतो का? (भुदरगड)

अडकू शकता, पण नुसत्या सातबाऱ्यावर नाही. कलम २५ मध्ये शब्द आहे 'जाणूनबुजून', म्हणजे जागेच्या मालकानं माहीत असताना वापरू दिली तर त्याला गुन्हा करणाऱ्याइतकीच शिक्षा. माहीत नव्हतं तर सुटका आहे, फक्त ते माहीत नव्हतं हे बोलणारे कागद तुमच्याकडं पायजेत.

आणि आपल्याकडं वाट्याचा कागद कोण करतो सांगा? 'नात्यातला आहे, कशाला कागद' म्हणून दहा-दहा वर्षं तोंडावर चालतं, पेरा मालकाच्या नावानं लागतो, ऊस मालकाच्या नावानं कारखान्याला जातो. मग फड पेटवताना किंवा तोडीला टोळी आत शिरल्यावर मधल्या सरीत झाडं निघाली की कागदोपत्री शेत करणारे तुम्हीच! दहा-बारा फूट उभ्या उसात बाहेरनं काही दिसत नाही म्हणूनच हे धंदे तिथं होतात, भुईमुगात कोण करणार? तेव्हा पाचशेच्या स्टॅम्पवर साधा करार करा, कोण कसणार, कुठलं पीक, कधीपासनं कधीपर्यंत, दोन साक्षीदार. ई-पीक पाहणीला फोटो लागतोच, तो ज्यानं कसलंय त्यानं रानात उभं राहून काढावा. आणि दोनदा जाताय ते बांधावर गाडी थांबवून परत येऊ नका, सरीतनं आत चालत जा. पाचट अंगाला लागतं, लागू दे.

शिवरात्रीला थंडाईत भांग घातली तर? ती तर कायद्यात नाही म्हणतात. (कोल्हापूर शहर)

अर्धं बरोबर. केंद्राच्या कायद्यात गांजा म्हणजे शेंडे, नुसती पानं आणि बी त्यात धरत नाहीत. पण महाराष्ट्राचा १९४९ चा दारूबंदी कायदा भांगेला मादक द्रव्यातच धरतो, परवान्याशिवाय नाही. बनारसचा व्हिडिओ बघून रंकाळ्यावर प्रयोग करू नका.

माझ्या भावावर केस झालीय. मक्यात झाडं सापडली, पोलिसांनी मुळासकट, मातीसकट उपटून वजन केलं ते २३ किलो भरलं. जामीन होत नाही म्हणतात. हे वजन असं करतात का? (शाहूवाडी)

दादा, तुमच्या केसचे कागद बघितल्याशिवाय पक्कं सांगणार नाही, पण मुद्दा तुम्ही बरोबर पकडलाय.

गांजाचं गणित असं आहे: १ किलोच्या आत अल्प प्रमाण, २० किलोच्या वर व्यावसायिक प्रमाण, मधलं ते मधलं. अल्पला एक वर्षापर्यंत, मधल्याला दहा वर्षांपर्यंत, व्यावसायिकला कमीत कमी दहा आणि जास्तीत जास्त वीस वर्षं. आणि व्यावसायिक ठरलं की कलम ३७ आडवं येतं, म्हणजे आरोपी दोषी नाही असं मानायला कारण आहे असं कोर्टाला वाटल्याशिवाय जामीनच नाही. १९ किलो आणि २१ किलो यात माणसाचं आयुष्य बदलतं. म्हणून वजन कशाचं हा प्रश्न जीवनमरणाचा. कायद्यानं गांजा म्हणजे फुलं-फळं धरलेले शेंडे, त्याच्याशी जोडलेली नसतील तर पानं आणि बिया नाहीत, आणि खोड, मुळं, माती तर नाहीच नाही. मुंबई उच्च न्यायालयानं २०२२ मध्ये याच मुद्द्यावर जामीन दिलेला आहे. पंचनाम्यात शेंडे वेगळे काढून तोलले का, झाडं ओली होती का, कलम ५२अ प्रमाणं मॅजिस्ट्रेटसमोर नमुने घेतले का, हे वकिलाला बघायला सांगा.

पण एक गोष्ट घरच्यांना आत्ताच सांगून ठेवा. वजन पडलं तरी लागवडीचा आरोप पडत नाही, तो वेगळा आहे, त्याला वजन लागत नाही. तेव्हा '२३ चे ८ किलो झाले की सुटला' असं कुणी सांगत असेल तर त्याला पैसे देऊ नका. जिल्हा कोर्टानं नाकारलं तर आता मुंबईच्या फेऱ्या नाहीत, ऑगस्ट २०२५ पासनं उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच सुरू झालंय, एसटीचं तिकीट आणि लॉजचा खर्च तेवढा वाचला.

एक जण गावात येऊन मीटिंग घेऊन गेला. औषधी हेम्पची शेती, लायसन कंपनी काढून देणार, बी कंपनीचं, माल कंपनीच घेणार, एकरी दीड लाख डिपॉझिट. ऊस करून हातात काय राहतंय, म्हणून गावातले आठ-दहा जण तयार आहेत. भरावे का? (कागल)

नाही. आणि त्या आठ-दहा जणांना हे पान नेऊन दाखवा.

बी आमचं, खरेदी आमची, तुम्ही फक्त डिपॉझिट भरा. हे आपण कुठं ऐकलंय? २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात कडकनाथ कोंबड्यांचं काय झालं ते आठवा. पिलं दिली, खाद्य दिलं, अंडी घेणार म्हणाले, आणि एक दिवस फोन बंद. तेव्हा निदान कोंबड्या कापून खाता आल्या, इथं पीक ठेवलं तरी गुन्हा आणि विकलं तरी गुन्हा.

कायद्यात वाट आहे, ती नाही असं मी म्हणत नाही. कलम १४ प्रमाणं सरकार आदेश काढून फक्त धागा किंवा बियांसाठी, उद्योगाकरता लागवडीला परवानगी देऊ शकतं, आणि कलम १० मध्ये राज्यांना औषधी आणि संशोधनाच्या कामासाठी नियम करता येतात. उत्तराखंडनं २०१८ मध्ये ही वाट वापरली, नशेचा घटक म्हणजे टीएचसी ०.३ टक्क्याच्या आत पायजे ही अट घालून. हिमाचलनं जानेवारी २०२५ मध्ये पालमपूर आणि नौणीच्या विद्यापीठांना अभ्यास करायला सांगितला, म्हणजे जिथं हे झाड रानोमाळ उगवतं ते राज्यसुद्धा आधी विद्यापीठात बघतंय. महाराष्ट्रात शेतकऱ्यानं अर्ज करावा आणि परवाना मिळावा अशी व्यवस्था आज नाही. मग कंपनी लायसन काढून देणार कुठनं? त्या माणसाला एवढंच विचारा की सरकारी आदेशाचा नंबर आणि तारीख काय. उद्यम नोंदणी, जीएसटी, कुठल्यातरी ट्रस्टचं सर्टिफिकेट असले रंगीत कागद दाखवेल, ते परवाने नव्हेत.

शेतीच्या बाजूनंही बघा. हे झाड दिवसाची लांबी बघून फुलतं. युरोपातल्या धाग्याच्या जाती पंधरा-सोळा तासांच्या दिवसात उंच वाढायला तयार केलेल्या, आपल्याकडं जूनमधला सगळ्यात मोठा दिवस जेमतेम तेरा तासांचा, त्या जाती इथं कमरेएवढ्या झाल्या की फुलायला लागणार, मग धागा कसला काढताय? आणि समजा निघाला, तर तो सोलायची, कुजवायची, साफ करायची सोय कुठं आहे, कागलला? ताग-अंबाडीचा दोर आपल्याकडं घरोघर वळत होते, कासरा, दावं, चऱ्हाट सगळं त्याचंच, नायलॉन आलं आणि तीही पिकं रानातनं गेली, त्याच्यावर कुणी बंदी घातली नव्हती.

साहेब तुम्ही पण बंदीवालेच दिसताय. मोरोक्कोत सरकारच शेतकऱ्याकडनं लावून घेतंय. आम्ही किती दिवस ऊसच लावायचा? (शिरोळ, वय २४)

बंदीवाला नाही भावा, वकील आहे. आहे तो कायदा सांगतोय.

मोरोक्कोचं तू काढलंस ते बरं झालं. तिथल्या रिफ डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या हेच पीक, बेकायदेशीर, आणि पोलिसाच्या भीतीनं शेतकरी गावाबाहेर पडत नव्हते. २०२१ मध्ये त्यांनी कायदा केला, परवानगी दिली ती फक्त अल होसेमा, शेफशावेन आणि ताउनात या तीन प्रांतांत, औषध आणि उद्योगासाठी, सहकारी संस्थांमार्फत, वर नियंत्रणाला वेगळी सरकारी संस्था. २०२३ ला पहिलं कायदेशीर पीक निघालं २९४ टन. आपल्याकडं सात-आठ एकर चांगल्या उसाचं टनेज तेवढं भरतं, माल वेगळा आहे मान्य, पण डोंगरच्या डोंगर पिकत असताना कायद्याच्या दारातनं आत आलं ते एवढंच. मग ऑगस्ट २०२४ मध्ये राजानं ४,८३१ शेतकऱ्यांना माफी दिली. मला यातलं आवडतं ते हे, की पूर्वी जे अडकलेत त्यांचाही विचार झाला. थायलंडनं उलटं केलं, जून २०२२ ला एकदम मोकळं सोडलं आणि तीन वर्षांत डॉक्टरच्या चिठ्ठीवर परत आणलं, मधल्या काळात ज्यांनी कर्ज काढून ग्रीनहाऊस उभे केले त्यांनी काय करायचं?

आपल्याकडंही पूर्वी सरकारमान्य दुकानात गांजा मिळायचा. इंग्रजांनी १८९३-९४ मध्ये मोठा आयोग नेमला, त्यानं सात खंडांचा अहवाल देऊन सांगितलं की माफक सेवनानं फार अपाय होत नाही, सरसकट बंदी नको. तेव्हा मुंबई इलाख्यात याची शेती नगर जिल्ह्यात होती. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानं पंचवीस वर्षांची मुदत दिली आणि १९८५ ला आपला कायदा आला. तो बदलावा असं तुला वाटत असेल तर आमदाराला विचार, ग्रामसभेत ठराव मांड, मी मसुदा फुकट लिहून देतो. कायदा बदलायच्या आधी रानात मात्र काही लावू नकोस.

आणि उसाचं म्हणशील तर २०२५-२६ ची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचा किमान दर, टनाला ३,५५०, तीही सव्वादहा टक्के साखर उताऱ्याला, त्यातनं तोडणी-वाहतूक जाते, हातात येतं ते तुला माहितीय. तुझा राग खरा आहे. पण गांजात जो पैसा दिसतो तो पिकाचा नसतो, धोक्याचा असतो, आणि तो धोका ज्याच्या रानात झाड आहे त्याच्या डोक्यावर, नफा नेणारा दुसऱ्याच जिल्ह्यात बसलेला. कसबा बावड्याच्या कोर्टात मी आरोपीच्या पिंजऱ्यात बघतो ते पायात फाटकी चप्पल घातलेले लोक.

दुकानात हेम्प सीड म्हणून पाकीट मिळतं, त्याची चटणी चालते का? सून म्हणते प्रोटीन असतं. (गडहिंग्लज)

चालते की. नोव्हेंबर २०२१ पासनं एफएसएसएआयनं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, बी, बियांचं तेल आणि पीठ अन्न म्हणून मान्य केलंय, पाकिटावर परवाना नंबर बघून घ्या. उत्तराखंडात भाजलेल्या बियांची चटणी रोजच्या जेवणात असते. आपल्या पद्धतीनं जवस-कारळ्याच्या चटणीत मूठभर टाका, लसूण जास्त. फक्त सोललेलं बी घ्या, आणि अख्खं आणलंच असेल तर पाखडलेलं परसात उकिरड्याजवळ टाकू नका. वरच्या करवीरच्या ताईंच्या सासूबाईंचं झाड कुठनं आलं असेल, मला तोच संशय आहे.