खोकडाचं चित्र आणि पिसांच्या माश्या

प्रश्न : सासऱ्यांनी फार वर्षांपूर्वी कॅम्पातल्या एका बंगल्याच्या लिलावात दोन इंग्रजी चित्रं घेतली होती. एकात लाल कोटातले घोडेस्वार आणि कुत्रे कोल्ह्यामागे धावताहेत. दुसऱ्यात कमरेएवढ्या पाण्यात उभा माणूस गळ टाकतोय. त्याच फ्रेममध्ये खाली पिसांच्या दोन माश्या टोचल्या आहेत. यजमान म्हणतात विकून टाकू, मुलगी म्हणते शिकारीचं चित्र भिंतीवर नकोच. चित्रं खरी आहेत का, आणि त्यांचं करू काय?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, आधी एक पुणेरी दुरुस्ती. तो कोल्हा नव्हे, खोकड. इंग्रज स्वतःच्या देशात ज्याच्यामागे घोडे दामटायचा, ते खोकडच.

आता खरं-खोटं. माझी 38 वर्षं छापखान्यात गेली, तरी 1994 साली एका रविवारी जुन्या बाजारात मी फसलो. शिकारीची चित्रं काढणाऱ्या हेन्री अल्केन या इंग्रज चित्रकाराचं म्हणून घोड्यांचं एक चित्र साडेसातशेला घेतलं. घरी येऊन भिंग लावलं, तर सगळीकडे रंगीत ठिपक्यांची एकसारखी फुलं. कॅलेंडरचं पान! सौभाग्यवतींनी ते वर्षभर फ्रिजवर चिकटवून ठेवलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला.

तुम्ही दहापट मोठं दिसणारं भिंग आणा. तशी फुलं दिसली तर विषय संपला. अल्केनच्या (1785–1851) काळातली अशी चित्रं तांब्याच्या पत्र्यावरून छापत आणि वर हाताने रंग भरत. त्यामुळे छटांमध्ये वाळूसारखा वेडावाकडा कण दिसतो, रंग कुठेतरी रेषेबाहेर गेलेला असतो आणि चित्राभोवती कागदावर पत्र्याच्या दाबाची चौकोनी खाच असते. फ्रेमवाल्याने समास कापून ती खाच घालवली असेल तर किंमत तिथेच पडली. कागद उजेडासमोर धरा. जलचिन्हात साल सापडलं तर चित्र त्याआधीचं नाही, एवढं नक्की. जुन्या पत्र्यांवरून पुढेही प्रती काढल्या जात.

घोडे चारही पाय फाकवून हवेत तरंगताहेत का? तसा घोडा कधी धावत नाही. पण 1878 मध्ये मायब्रिज या छायाचित्रकाराने ओळीने फोटो काढून दाखवेपर्यंत चित्रकार बिनदिक्कत तसाच काढत. मला ते खोटे घोडे फार आवडतात.

माझा जीव मात्र तुमच्या दुसऱ्या चित्रात अडकलाय. आपण गळाला शिसं बांधतो आणि ते दोरी ओढत नेतं. फ्लाय फिशिंगमध्ये, म्हणजे गळाला पिसांची नकली माशी बांधून मासे धरण्यात, उलटं : माशी पिसाइतकी हलकी, वजन सगळं दोरीत. म्हणून दोरी आधी पाठीमागे हवेत पुरती उलगडू द्यायची, मगच पुढे फेकायची. चित्रातली दोरी बघा. नुसती काठीच्या टोकाला लोंबत असेल, तर चित्रकार काठावरच बसून होता. अमेरिकेचा विन्स्लो होमर स्वतः पट्टीचा मासेमार. 1889च्या आसपास ॲडिरोंडॅकच्या जंगलात त्याने जलरंगात अशी चित्रं केली. दोरीसाठी तो ओला-सुका रंग पात्याने खरवडून खालचा पांढरा कागद उघडा करी. हवेतली ती एक पांढरी रेघ पाहिली की मनगट आपोआप हलतं.

मासा दिसतोय का? अंगावर ठिपके असतील तर बहुधा ट्राउट, म्हणजे चित्र तिकडचं. रुपयाएवढी खवलं असतील तर महसीर, आणि मग मला ताबडतोब कळवा! दख्खनी महसीराचं शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्सने 1839 मध्ये केलं, तेही आपल्या पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. आज बंडगार्डनच्या पुलावर उभं राहून हे कुणाला सांगितलं तर हसतील.

त्या माश्यांवर मेणाच्या थेंबासारखे पांढरट-पिवळे ठिपके असलेलं पीस आहे का? तसं असेल तर ते राखी रानकोंबड्याच्या मानेचं. भीमाशंकरला पहाटे ओरडतो, तोच. स्कॉटलंडच्या सामन माशाला भुलवायला आपल्या सह्याद्रीतल्या कोंबड्याची पिसं जात. आता 1972च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे. तेव्हा यजमानांना सांगा, चित्र विकायचं तर विका, माश्या विकायला काढू नका. आणि चित्र शंभर वर्षांपेक्षा जुनं निघालं, तर परदेशी गिऱ्हाइकाला देण्याआधी पुरातत्त्व खात्यात विचारा. किंमत मी पत्रावरून सांगत नाही.

मुलीचं म्हणणं मला पटतं, अर्धं. तिला राजस्थानातल्या कोटा संस्थानची जुनी शिकारचित्रं दाखवा. बहुतेक कागदभर जंगल, पानन् पान रंगवलेलं, आणि राजा कुठेतरी मचाणावर एवढासा. तरीही नको म्हणाली, तर खोकड उतरवा आणि नदी राहू द्या.

फ्रेम मात्र आत्ता उघडू नका. पावसाळ्यात कागद दमट असतो. दसऱ्यानंतर कोरड्या दुपारी मागचा पुठ्ठा काढा, कसर लागलीय का बघा, आणि नवा पुठ्ठा आम्लविरहितच मागा. सेलोटेप लावतो म्हणणाऱ्या फ्रेमवाल्याच्या दुकानातून सरळ उठून या.