लेकीला भरतीसाठी लपायला लावू नका

(सातारा जिल्ह्यातल्या एका निवृत्त सुभेदारांचं पत्र आहे. थोरला मुलगा सैन्यभरतीची तयारी करतो, रोज पहाटे वडिलांसोबत सोळाशे मीटर पळतो. गेल्या महिन्यात त्यानं आईला सांगितलं, "मी मुलगा नाही, मुलगी आहे." तेव्हापासून वडील मैदानावर गेलेले नाहीत. ते विचारतात, "एकदा फौजेत गेला की शिस्तीत हे खूळ निघून जाईल. त्याला कसं पटवू?")

सुभेदारसाहेब,

पटवू नका. हात जोडून सांगते.

नौदलातल्या साबी गिरीची हकीकत तुम्हाला कळायला हवी. 2010 मध्ये ती पुरुष म्हणून भरती झाली. नोकरीत असतानाच, रजेवर जाऊन तिनं लिंगबदलाची शस्त्रक्रिया करून घेतली. ऑक्टोबर 2017 मध्ये 'सेवेची आता गरज नाही' असं म्हणून नौदलानं तिला घरी पाठवलं. सात वर्षांच्या शिस्तीनं तिच्या मनातलं काही निघून गेलं नाही, नोकरी मात्र गेली. तुमच्या लेकराला तुम्ही त्याच वाटेला लावताय.

मी तिला लेकच म्हणते, कारण तिनं तसं सांगितलंय. तुम्हालाही सुरुवात तिथूनच करावी लागेल. जीभ अडखळेल, अडखळू द्या.

आज आपल्या सैन्यात ट्रान्सजेंडर म्हणून उघडपणे भरती होता येत नाही. मला हा धडधडीत अन्याय वाटतो. आपली लिंगओळख आपण ठरवायची, हा हक्क सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये मान्य केला. नोकरीत भेदभाव नको म्हणून 2019 मध्ये कायदा झाला. तरी फौजेचं दार बंदच आहे. तुमच्यासारख्या माजी सैनिकांनी यावर बोललं, तर ते आमच्या बोलण्यापेक्षा जास्त ऐकलं जाईल.

पण वर्दी काही फक्त फौजेचीच नसते. डिसेंबर 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं राज्य सरकारला खडसावलं, तेव्हा आपल्या पोलीस भरतीत ट्रान्सजेंडर उमेदवारांसाठी वाट उघडली. त्यासाठी भांडलेली आर्या पुजारी तुमच्याच सातारा जिल्ह्यातली. तमिळनाडूत प्रीतिका याशिनीचा अर्ज आधी नाकारला होता. ती कोर्टात गेली आणि 2017 मध्ये फौजदार झाली. तुमच्या लेकीची सोळाशे मीटरची मेहनत वाया जाणार नाही. तिचा सराव बंद पडू देऊ नका, वेळ मोजायला तुम्हीच उभे राहा. ट्रान्सजेंडर म्हणून ओळखीचं प्रमाणपत्र जिल्हाधिकारी कार्यालयातून मिळतं. तिथे तिला एकटीला पाठवू नका. सोबत सुभेदार बाप असला की समोरचा माणूस नीट बोलतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

गावाला काय सांगू, असंही तुम्ही विचारलंय. आत्ता काहीच नाही. कधी, कुणाला, किती सांगायचं ते ती ठरवेल. पारावर कुणी खोदून विचारलं तर "पोलीस भरतीची तयारी चाललीय" एवढं पुरे. लग्न लावून दिलं की सुधारेल, असं सांगणारे नातेवाईकही येतील. त्यांना उंबऱ्यावरूनच परत पाठवा, नाहीतर आणखी एका मुलीचं आयुष्य वाया जाईल.

आणि तिच्या आईवरचा राग सोडा. "हिला आधी माहीत होतं, मला सांगितलं नाही," असं तुम्ही लिहिलंय. लेक आईकडे आधी गेली, कारण तिला तुमची भीती वाटली. आईनं ऐकून घेतलं, तिला सांभाळलं आणि मग गोष्ट तुमच्या कानावर घातली. आज रात्री जेवणं झाल्यावर तिघं एकत्र बसा. पहिल्यांदा लेकीला बोलू द्या, तिचं पूर्ण होईपर्यंत मधे बोलू नका.