यंत्र उकळीआधीच बंद पडते

प्रश्न : नेरूळच्या परवानाधारक मायक्रोब्रुअरीत आम्ही बिअरच्या नव्या पाककृती आधी ३० लिटरच्या ऑल-इन-वन विद्युत यंत्रात करून पाहतो. हल्ली उकळी फुटण्याआधीच हीटर बंद पडतो. सुरक्षा-स्विच काढून थेट जोडणी करावी का?

उत्तर : थेट जोडणी कृपया मुळीच करू नका. अशा बहुतेक यंत्रांत हीटर तळाच्या पत्र्याखाली असतो. माल्टचे (मोड आणून वाळवलेल्या धान्याचे) बारीक पीठ टोपलीच्या जाळीतून उतरून त्या पत्र्यावर बसले की करपते, उष्णता द्रवात न जाता तळाशीच कोंडते आणि स्विच हीटरचा पुरवठा तोडतो, म्हणजे तो आपले काम चोख करत असतो. यंत्र रिकामे करून तळ पाहा. दूध खाली लागलेल्या पातेल्यासारखा तपकिरी थर दिसला, तर दळण जाडसर करा. टरफले शक्यतो अखंड राहिली पाहिजेत, कारण गाळणीचे खरे काम तीच करतात. स्टीलच्या तळावरील थर धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात भिजवून मऊ फडक्याने काढावा.

बदल करायचाच असेल, तर माल्टच्या टोपलीखाली आणखी बारीक जाळी बसवा आणि तापवताना द्रव फिरवत ठेवणारा पंप चालू ठेवा.

२५०० वॉटचे यंत्र २३० व्होल्टवर सुमारे ११ अँपिअर खेचते, म्हणून १६ अँपिअरचे अर्थिंग असलेले सॉकेटच वापरा. स्विच रीसेट करण्यापूर्वी प्लग काढून यंत्र पूर्ण निवू द्या.